गळाला काय लावाल?

दोस्तांनो, समजा तुम्हाला कडकडून भूक लागली आहे आणि कुणी तुमच्यापुढे गवताची पेंढी ठेवली, तर? हसू नका! गळ टाकून तासन्‌तास बसणारी आणि रिकाम्या हाताने घरी येणारी पुष्कळ मंडळी माशांशी असंच वागतात. मासा भुकेला असतो, गळही पाण्यात असतो, पण गळाला लावलेलं आमिष त्या माशाचं खाणंच नसतं. मग दोष कुणाला? नशिबाला! म्हणून या आठवड्यात आपण आमिष कसं निवडायचं ते पाहू.

त्यासाठी गोंदिया जिल्ह्यात चला. १ मे १९९९ रोजी हा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. हा सगळा मुलूख तळ्यांचा. कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी उतारावर मातीच्या पाळी घालून धानासाठी पाणी अडवलं. पुढे ही तळी मालगुजारांकडे आली, आणि मालगुजारी संपल्यावर त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणू लागले. त्याचं सुटसुटीत रूप ‘मामा तलाव’. यातला सगळ्यांत नावाजलेला तलाव म्हणजे नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. आणि या साऱ्या तळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारा समाज म्हणजे ढिवर.

अशा जुन्या जाणत्या माणसाला तुम्ही विचारलंत, “काका, गळाला काय लावू?” तर तो उलट तुम्हालाच विचारील, “कोणता मासा पाहिजे?” बरोबरच आहे. पाहुणा कोण हे ठरल्याशिवाय स्वयंपाक काय करायचा ते कसं ठरणार?

आधी तोंड बघा

माशाचं तोंड बघितलं की तो कुठे जेवतो ते अर्धं कळतं. कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे एकाच तळ्यात सुखाने नांदतात, कारण तिघांची पंगत वेगवेगळी असते. कटल्याचं तोंड वर वळलेलं, डोकं मोठं. तो पाण्याच्या वरच्या थरातले बारीक जीव गाळून खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे. तो मधल्या थरात वनस्पतींचे कोवळे भाग खुडतो. मृगळाचं तोंड खाली, तो तळाचा गाळ चाळतो. आता सांगा, कटल्यासाठी गळ तळाशी टाकून काय उपयोग? या मंडळींना कणकेचा गोळा, भात, शेंगदाण्याची पेंड असलं आमिष चालतं. पण ते त्यांच्या थरात पोचलं पाहिजे. म्हणूनच दोरीला तरंगा किती उंचीवर बांधायचा याला एवढं महत्त्व.

शिंगाडा, मागूर या मिशावाल्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्या मिशा शोभेच्या नाहीत. मिशांनी ते चव घेतात, चाचपडतात. गढूळ पाण्यात आणि रात्रीच्या अंधारात ते वासावर चालतात. त्यांच्यासाठी रंगीबेरंगी आमिष म्हणजे आंधळ्यापुढे आरसा. एक साधं गांडूळ त्यांना लांबून बोलावून आणतं.

आणि मरळ! ती शिकारीण आहे. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि बेडूक किंवा लहान मासा हालला की झडप घालायची, हा तिचा खाक्या. पिठाचा गोळा तिच्या नाकासमोरून गेला तरी ती ढुंकून बघणार नाही. तिला हालचाल हवी. म्हणून मरळीसाठी रबराचा नकली बेडूक मिळतो. त्याच्या गळाची टोकं वर वळलेली आणि पाठीला चिकटून असतात, म्हणजे तो गवतातून सरकत येतो तरी अडकत नाही. मरळीने तोंडात धरून दाबला की टोकं उघडी पडतात.

तळ्यातून समुद्रात

गोंदियाहून मुंबईचा समुद्र रेल्वेने जवळपास हजार किलोमीटर. पण मरळीला फसवण्याची युक्ती तिथेही चालते, फक्त आकार वाढतो! खोल समुद्रात सेलफिश आणि मार्लिन हे भाल्यासारख्या चोचीचे मोठे शिकारी मासे असतात. सेलफिशच्या पाठीवर शिडासारखा भलामोठा पर असतो, त्यावरून त्याचं नाव पडलं. मार्लिन तर राक्षसच. १९५३ साली पेरू देशाच्या किनाऱ्याजवळ गळाने पकडलेला एक काळा मार्लिन ७०० किलोंहून जड भरला होता.

हे मासे एका जागी दबा धरून बसत नाहीत, पोहत पोहत शिकार शोधतात. म्हणून आमिषही पळतं हवं. मच्छीमार होडीच्या मागे लांब दोऱ्या सोडून नकली आमिष ओढत नेतात. याला ‘ट्रोलिंग’ म्हणतात. वेग साधारण ताशी ११ ते १६ किलोमीटर, म्हणजे जोरात सायकल हाणावी तेवढा. आमिषाचं डोकं कडक राळेचं आणि मागे प्लॅस्टिकची झिरमिळ्यांची झालर. ओढलं की ते घाबरून पळणाऱ्या उडत्या माशासारखं किंवा माकूळासारखं दिसतं.

पण खरी गंमत डोक्याच्या आकारात आहे. डोकं पुढून तिरकं कापलेलं असेल तर आमिष बुडी मारतं आणि डुलत चालतं. पुढून खोलगट असेल तर पाणी उडवतं, बुडबुड्यांची शेपटी सोडतं. समुद्र खवळलेला असला की ही दोन्ही उड्या मारू लागतात. मग बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं डोकं बरं, ते सरळ जातं. सेलफिशसाठी वीतभर किंवा त्याहून लहान आमिष पुरतं. मोठ्या मार्लिनसाठी दीड वीत लांबीचंही घेतात.

आणि रंग? दुकानात लालभडक आमिष पाहून आपण भुलतो. पण पाणी आधी लाल उजेड शोषून घेतं. काही मीटर खोल गेलं की तोच लाल रंग काळपट दिसतो. शिवाय हे मासे बहुधा खालून वर बघत हल्ला करतात. त्यांना दिसते ती उजळ आभाळावरची आमिषाची सावली. म्हणून पहाटे आणि ढगाळ दिवशी काळं-जांभळं आमिष लावण्याचा रिवाज आहे, आणि लख्ख उन्हात निळं-रुपेरी. म्हणजे रंग निवडायचा तो माशाच्या डोळ्यांनी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही!

गळ टाकायचाच नाही, तो क्षण

आता एक महत्त्वाची गोष्ट. पावसाळ्यात तळ्याच्या काठाशी, गवताजवळ, पाण्यावर लालसर-नारिंगी ठिपक्यांचा एक पुंजका हलताना दिसला तर थांबा. ती मरळीची पिल्लं आहेत. ती घोळक्याने राहतात, हवा घ्यायला सारखी वर येतात, आणि खाली त्यांचे आईबाप पहारा देत असतात. अशा वेळी बेडूक टाका, रबराचा तुकडा टाका, मरळ हमखास झेप घेते. तिला भूक लागलेली नसते. पिल्लांजवळ आलेल्या शत्रूला ती हाकलत असते. हा गळ टाकणं सगळ्यांत सोपं, आणि म्हणूनच तो टाकायचा नाही. पहारेकरी गेला की बाकीचे मासे त्या पिल्लांचा फन्ना उडवतात. एका माशापायी अख्खी वीण जाते.

मरळीला आडोसा हवा हे वर सांगितलंच. पण पुष्कळ तळ्यांत पाणवनस्पती नाहीशा झाल्या, बेशरमाची झुडपं माजली, आणि बाहेरून आणलेल्या बीजाच्या माशांवरच भर राहिला. तळ्यातले मूळचे मासे कमी झाले. मग अर्जुनी-मोरगाव भागातल्या ढिवर बायका-पुरुषांनी काही तळ्यांत उतरून बेशरम उपटली आणि पाण्यात वाढणाऱ्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या. कुठला मासा कुठल्या गवतात राहतो, काय खातो, अंडी कुठे घालतो, हे त्यांना वाडवडलांकडून ठाऊक होतं. मासे धरताना उपयोगी पडणारं ज्ञान मासे परत आणायलाही उपयोगी पडलं. ते जाणणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. तुम्ही विचारलं नाही, तर ती कुणाला सांगणार?

थोडे नियमही पाळा. तळ्यावर बहुधा मच्छीमार संस्थेचा हक्क असतो, तेव्हा आधी परवानगी घ्या. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात गळ टाकायचा नाही. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय पाळीवरून खाली उतरायचं नाही, आणि गळ फेकण्याआधी मागे कुणी उभं नाही ना ते बघायचं.

या आठवड्याचा उद्योग

यासाठी गळाची गरज नाही. घरच्या मोठ्यांबरोबर मासळीबाजारात जा. तीन वेगवेगळे मासे निवडा आणि वहीत प्रत्येकाच्या तोंडाचं चित्र काढा. तोंड वर वळलंय, सरळ आहे की खाली? मिशा आहेत? दात आहेत? डोळे केवढे? त्यावरून तो कुठे आणि काय खात असेल ते लिहा, आणि गळाला काय लावाल तेही. मग मासे विकणाऱ्या मावशींना विचारून उत्तर ताडून पाहा. तिन्ही बरोबर आली तर शाब्बास! चुकली तर मावशी काय म्हणाल्या ते शेजारी लिहून ठेवा. तुमच्या तळ्याची माहिती लिहायला तिथूनच सुरुवात करा.