आधी तराजू, मग दिवा

‘कोंबडी किती महिन्यांची झाली म्हणजे अंडी देऊ लागते?’ या प्रश्नाला ‘पाच महिन्यांची’ असे उत्तर लिहून विद्यार्थी मोकळा होतो आणि त्याला गुणही मिळतात. माझ्या मते हे उत्तर अपुरे आहे. घरी पाचपन्नास कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाने त्यावर विसंबायचे ठरवले, तर ते महागातही पडेल.

मुख्य गोष्ट जातीची. व्हाइट लेगहॉर्नची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, साधारण १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येते. परड्यात हिंडणाऱ्या गावठी तलंगेला सहा-सात महिनेही लागतात. त्यात गावठी कोंबडीचा आळस नाही! दोघींची पूर्वज असलेली तांबडी रानकोंबडी ठरावीक हंगामातच थोडी अंडी घालते. लवकर व पुष्कळ अंडी देणाऱ्या माद्यांचीच पिल्ले माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडली, म्हणून लेगहॉर्न अशी झाली.

आता प्रकाश. पक्ष्याला तो केवळ डोळ्यांनीच कळतो असे नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ झाक बन्वा यांनी १९३० नंतरच्या दशकात नर बदकांवर प्रयोग केले. डोळे निकामी असले तरी वाढीव प्रकाशाने त्यांची जननेंद्रिये वाढतात, असे त्यांना आढळले. प्रकाश पातळ कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो. तेथील अधश्चेतक पीयूषिका ग्रंथीला चालना देतो, तिची संप्रेरके रक्तातून अंडाशयाकडे जातात आणि बीजे वाढू लागतात. आपल्याकडे, मुंबई-पुण्याच्या बाजूला, डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो. दिवस मोठा होत असताना वाढलेली तलंग लवकर अंड्यावर येते; दिवस लहान होत असताना वाढलेली उशिरा. व्यावसायिक कुक्कुटपालक हेच काम विजेच्या दिव्याने करतात आणि दिवस हळूहळू १६ तासांपर्यंत नेतात.

यात अनैसर्गिक म्हणून नाक मुरडण्यासारखे मला काही दिसत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दिवा लावायला एक बटण पुरते, वजन करायला मात्र आठवड्यातली एक सकाळ मोडावी लागते. म्हणून दिवा आधी लागतो आणि वजन राहून जाते. शेजाऱ्याने लावला की आपणही लावायचा! पण एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, आणि त्यातले काही तलंगेच्या हाडांतून येते. शरीर भरलेले नसताना प्रकाशाने तिला घाई केली, तर अंडी लहान पडतात व पुढेही बराच काळ लहानच राहतात. अंडे बाहेर पडताना अंडनलिकेचा भागही कधी बाहेर येतो, इतर कोंबड्या त्यावर चोची मारतात आणि ती मरते. मग वर्षभराच्या अंड्यांच्या हिशेबातून एक कोंबडी कमी, आणि तिला घातलेले खाद्य वाया.

वजन हवे म्हणजे चरबी हवी असे नव्हे. मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या जातींच्या पैदाशीच्या माद्यांना तर खाद्य मोजूनच द्यावे लागते, कारण लठ्ठ कोंबडी अंडी कमी देते.

शाळेजवळ कोणाच्या कोंबड्या असतील, तर शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तेथे जरूर न्यावे. आठव्या आठवड्यापासून दर आठवड्याला, ठरावीक वारी, खाद्य घालण्यापूर्वी दहा तलंगा कापडी पिशवीत घालून ताणकाट्यावर तोलाव्यात आणि आलेख काढावा. लेगहॉर्न तलंग १८ आठवड्यांची झाली की साधारण १२०० ग्रॅमच्या पुढे असावी. मात्र नुसती सरासरी पाहू नये. सरासरी १२०० भरली, पण एक तलंग ९०० ग्रॅमची व दुसरी १५०० ग्रॅमची असेल, तर एकच दिवा दोघींना लागू पडणार नाही. हलक्या तलंगा निराळ्या काढून त्यांना पोटभर खाद्य द्यावे आणि त्यांच्या खुराड्यातला दिवा आठ-पंधरा दिवस उशिरा लावावा.