रुंद टायरचा मोह आणि फ्रेमची मर्यादा

हल्लीं माण-हिंजवडीच्या रस्त्यांवर शाळेच्या वेळीं ज्या सायकली दिसतात, त्यांत ‘माउंटन बाईक’ या जातीच्या पुष्कळ असतात. जाड नळ्यांची फ्रेम, रुंद व खांचेदार टायर आणि मोटारसायकलीची ऐट पाहून मुलांचें मन तिकडे ओढलें गेलें, तर त्यांत नवल नाहीं. या सायकलींविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती ‘टायर जितका रुंद, तितकी सायकल भारी’ या समजुतीविषयीं. या समजुतीपायीं मूळचा टायर शाबूत असतांही तो उतरवून त्याहून रुंद टायर चढविण्याची हौस विद्यार्थ्यांत दिसते. ही हौस पैशाची नासाडी करणारी तर आहेच, पण प्रसंगीं जिवावर बेतणारी आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

रुंद टायर मुळांतच वाईट, असें मात्र कोणीं समजूं नये. माण हें मुळशी तालुक्यांतील मूळचें भातशेतीचें गांव. माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा येथें आला, मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेच्या आगाराला येथेंच जागा मिळाली, आणि बैलगाडीच्या वाटांवर डंपर धांवूं लागले. पावसाळ्यांत येथील मुलास एका मैलांत डांबर, खडी, मुरूम व चिखल हीं चारी तुडवावीं लागतात. अशा वाटेवर रुंद टायर कमी हवेवर चालतो, जमीन घट्ट धरतो व खड्ड्याचा धक्का स्वतः सोसतो. प्रश्न एवढाच कीं, या पाहुण्यास राहावयास फ्रेमच्या घरांत जागा आहे काय ?

पुढचा टायर चिमट्याच्या दोन पायांमध्यें व मागचा फ्रेमच्या दोन नळ्यांमध्यें फिरतो. हें अंतर कारखान्यांत एकदां ठरलें म्हणजे कायमचें ठरलें. १.९५ इंची टायर सुमारें ५० मिलिमीटर रुंद असतो, २.४ इंची सुमारें ६१. म्हणजे हा बदल करतांच दोन्ही बाजूंची मोकळी जागा जवळजवळ सहा-सहा मिलिमीटरांनीं घटते. रुंद टायर उंचही असतो. त्यामुळें वरची जागाही कमी होते. रिम रुंद असेल, तर तोच टायर आणखी पसरतो. दुकानांत चाक अधांतरीं फिरवून पाहिलें, कोठें घासलें नाहीं, कीं काम झालें असें आपण मानतों. परंतु रस्त्यावर एखादा आरा सैल होतो व चाक डगमगूं लागतें; चढावर मुलगा उभा राहून पायडल मारतो, तेव्हां फ्रेमही किंचित् लवते; आणि शेताच्या वाटेवरील चिखल खडे पोटांत घेऊन टायरला चिकटतो. मागील चाक घासलें, तर टायर व नळी झिजते. पुढील चाक अडकलें, तर मुलगा हँडलवरून थेट रस्त्यावर फेकला जातो. आणि मागून डंपर येत असतो. म्हणून टायरच्या भोंवतीं निदान ६ मिलिमीटर जागा मोकळी असावी, आणि चिखलाच्या मुलखांत त्याहून अधिक. लिहावयाची शिसपेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाड असते. ती टायर व फ्रेम यांच्यामधून, तसेंच टायर व चिमट्याचा माथा यांच्यामधून, अडल्यावांचून सरकली पाहिजे. या परीक्षेस एक पैही खर्च नाहीं.

दुसरा घोटाळा मापाच्या नांवाचा आहे. ‘सव्वीसचा टायर द्या’ असें म्हटलें कीं भागलें, असें आपणांस वाटतें. परंतु हा आंकडा रिमचा नसून, हवा भरलेल्या टायरच्या बाहेरील व्यासाचा एक जुना अंदाज आहे. त्यामुळें त्या एका नांवाखालीं निरनिराळीं मापें नांदत आहेत. वर्गांत दीड हा अपूर्णांकांत लिहिला काय आणि दशांशांत लिहिला काय, किंमत एकच. दुकानांत तसें नाहीं. २६ × १.५० हा टायर ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, तर २६ × १ १/२ हा ५८४ च्या रिमवर; आणि २६ × १ ३/८ याला ५९० चा रिम लागतो. याहून मौज म्हणजे, दूधवाल्यांच्या जुन्या ‘अठ्ठावीस’ इंची सायकलीचा रिम ६३५ मिलिमीटरांचा, आणि आजच्या डौलदार ‘एकोणतीस’चा ६२२ चा. म्हणजे एकोणतीस हा अठ्ठावीसाहून तेरा मिलिमीटरांनीं लहान ! पुण्यास कर्वेनगरांत विक्रम पेंडसे यांचें सायकल-संग्रहालय आहे. मापपट्टी खिशांत घालून विद्यार्थ्यांनीं तें एकदां अवश्य पाहावें.

या घोटाळ्यावर उपाय टायरच्या अंगावरच छापलेला असतो. ‘५०-५५९’ अशी जोडी तेथें सांपडते. पहिला आंकडा रुंदीचा, दुसरा रिमवरील बैठकीच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरांत. दुसरा आंकडा जुळलाच पाहिजे, आणि पहिला फ्रेमच्या जागेंत मावला पाहिजे. सारें शास्त्र एवढेंच. पूर्वीं ब्रेकचे रबर रिमलाच धरीत, त्यामुळें चाक बदललें कीं चूक तेथेंच उघडी पडे. आतां डिस्क ब्रेक चाकाच्या मध्याशीं असतो. तो तक्रार करीत नाहीं. साडेसत्तावीसच्या फ्रेममध्यें एकोणतीसचें चाक घातल्यास रिमची कडा चोहोंकडून १९ मिलिमीटर पुढें सरकते, हें मग घासूं लागल्यावर कळतें.

माउंटन बाईकचा इतिहासही हाच धडा देतो. अमेरिकेंतील श्विन कंपनीनें १९३३ सालीं रुंद ‘बलून’ टायर प्रचारांत आणला व त्यास मावेल अशी फ्रेम त्याबरोबरच केली. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांतील तरुणांनीं डोंगर उतरण्यासाठीं अशाच जुन्या सायकली शोधून काढल्या. पुढें १९७७ सालीं जो ब्रीझ यांनीं याच कामासाठीं खास फ्रेम घडविली. टायर व फ्रेम यांचा विचार त्यांनीं कधींच वेगळा केला नाहीं. आपण मात्र तो वेगळा करतों.

कोणी म्हणतील, ‘सायकल दोन वर्षांचा खेळ, मुलगा वाढला कीं ती गेली. तिचें एवढें माप कशाला ?’ परंतु आपल्या घरांत सायकल दोन वर्षांनीं जात नाहीं. ती ताईकडून धाकट्या भावाकडे येते. ‘सव्वीसचा टायर आतां मिळत नाहीं, नवी सायकल घ्या’ असें ऐकून चांगली फ्रेम भंगारांत घालण्यापूर्वीं पालकांनीं ५५९ या आंकड्यानें टायर मागून पाहावा. तो आजही मिळतो.

या पट्ट्यांतील पालकांस तर मापाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. चाकण व पिंपरीच्या कारखान्यांत मिलिमीटरच्या शतांशासाठीं माल नापास करणारे हात संध्याकाळीं आपल्याच मुलाच्या सायकलीस नुसत्या नजरेनें पसंत करतात, ही विसंगति नव्हे काय ? आणि कारखानदारांकडेही आमचें एक मागणें आहे. बहुतेक फ्रेमवर कंपनीचें नांव ठसठशीत अक्षरांत असतें. त्याच फ्रेमवर ‘यांत इतक्या मिलिमीटरपर्यंत रुंद टायर चालेल’ एवढी एक ओळ छापण्यास किती रंग लागेल? ती ओळ छापली जाईपर्यंत आपणच मोजलें पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, भूमितींत शिकलेला व्यास, परीघ व त्रिज्या हीं तुमच्या पायांखालीं रोज फिरत असतात. ५०-५५९ च्या टायरचा परीघ काढून पाहा. तो सुमारें २ मीटर ७ सेंटिमीटर भरेल. ज्यास आपल्या चाकाचें माप ठाऊक आहे, त्यास दुकानांत कोणी सहज फसवूं शकत नाहीं. उद्यां सायकलीस कुलूप लावण्यापूर्वीं दप्तरांतील पेन्सिल काढा व ती टायर आणि फ्रेम यांच्यामधून सरकवून पाहा. अडली, तर त्याच सायंकाळीं घरीं वडील मंडळींस सांगा. पाऊस येण्याची वाट पाहूं नका.