चंद्रभागेचे पावित्र्य आणि वरच्या नगरांचे दायित्व

आषाढी एकादशीस आधी चंद्रभागेचे स्नान आणि मग विठुरायाचे दर्शन, हा वारकऱ्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा नेम. परतताना तांब्याभर तीर्थ घरी येते आणि वृद्धांच्या व लेकरांच्या तळहातावर श्रद्धेने घातले जाते. म्हणूनच हे पाणी कोठून व कोणत्या स्थितीत येते, हा प्रश्न केवळ शासनाचा नव्हे, तर प्रत्येक भाविक घराचा आहे.

भीमाशंकरी उगम पावलेली भीमा पंढरीत चंद्रकोरीसारखे वळण घेऊन चंद्रभागा होते. तत्पूर्वी तिला तुळापूर येथे देहू-आळंदीची इंद्रायणी मिळते आणि पुढे पवनेला पोटात घेऊन आलेली मुळा-मुठाही मिळते. ज्या वाटेने ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या निघतात, त्याच प्रदेशातील पुणे व पिंपरी-चिंचवड या महानगरांचे सांडपाणीही पंढरीच्या दिशेने निघते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात ते साठते. सोलापूर शहराची तहान हेच धरण भागवते आणि वारीच्या दिवसांत पुष्कळदा येथूनच नदीपात्रात पाणी सोडावे लागते.

या पाण्याच्या शुद्धीसाठी २०१६ साली जपानच्या कर्जसाहाय्याने पुण्याकरिता सुमारे ९९० कोटी रुपयांची योजना आखण्यात आली. अकरा मैलाशुद्धीकरण केंद्रे आणि दररोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता, असे तिचे स्वरूप. बांधकामास मात्र अनेक वर्षांचा विलंब झाला. अशा केंद्रांत प्रथम गाळ खाली बसवितात. मग हवा खेळवून जिवाणूंकरवी विरघळलेली घाण नष्ट करवितात आणि शेवटी रोगजंतू मारतात. त्यामुळे नदीतील प्राणवायू टिकतो व मासे जगतात.

परंतु येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. घाण कुजताना किती प्राणवायू खर्च होतो, यावरून पाण्याची प्रत ठरते. स्नानास योग्य पाण्यात हे प्रमाण लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा दंडक आहे. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली कठोर मर्यादा सांगितली, तीही १० मिलिग्रॅमची. म्हणजे शुद्ध केलेले सांडपाणीही थेट स्नानयोग्य नसते. त्यात नदीचा स्वतःचा निर्मळ प्रवाह मिसळावा लागतो. उन्हाळ्यात तो प्रवाहच आटला, तर केवळ यंत्रे काय करणार?

दुसरी गोष्ट नत्र व स्फुरदाची. शेतकऱ्यास हितकर असलेली ही द्रव्ये साचलेल्या पाण्यात जलपर्णी व हिरवे शेवाळ माजवितात. उजनीच्या जलाशयाचे हेच दुखणे आहे. जुन्या पद्धतीची केंद्रे ही द्रव्ये पुरेशी काढीत नाहीत. म्हणून केवळ क्षमता वाढवून भागणार नाही, शुद्धीकरणाची पायरीही उंचवावी लागेल. शिवाय गटारे केंद्रास जोडली नाहीत वा वीज खंडित झाली, तर नाले पूर्वीप्रमाणेच नदीस मिळत राहतील.

हे अशक्य नाही. लंडनची थेम्स नदी १९५७ साली मृतप्राय ठरविली गेली होती. तेथील मोठी शुद्धीकरण केंद्रे सुधारल्यावर १९७४ साली तीत पुन्हा सामन मासा आढळला.

वाळवंटातील स्वच्छता, निर्माल्य व साबण पात्रात न टाकणे, हे आपले कर्तव्य आहेच. तथापि चंद्रभागेची शुद्धता पंढरीच्या घाटावर नव्हे, तर वरच्या नगरांच्या गटारांपाशी ठरते. पुण्यातून पंढरीस जाणाऱ्या भाविकाने आपल्या घरचे सांडपाणी कोठे जाते, हे एकदा आपल्या महापालिकेस विचारावे. तो प्रश्नही वारीचाच एक भाग होय. कारण ज्या पाण्यात तो उद्या भक्तिभावाने बुडी मारणार, ते काही अंशी त्याच्याच दारातून निघालेले असते.