डिमेन्शियाचे केंद्र संध्याकाळी पाहा

आई किंवा वडिलांना डिमेन्शियाच्या केंद्रात ठेवायचे ठरले की घरची मंडळी केंद्र पाहायला जातात ती बहुधा रविवारी सकाळी, अकराच्या सुमारास. फरशी नुकतीच पुसलेली असते. आंघोळी झालेल्या असतात. आजी-आजोबा धुतलेल्या कपड्यांत हॉलमध्ये बसलेले असतात आणि कुणीतरी भजन लावलेले असते. व्यवस्थापक डिपॉझिट किती, महिन्याचे किती, डायपरचे वेगळे किती हे सांगतात, बागेतून एक फेरी होते, आणि ‘चांगले वाटले’ असे म्हणत मंडळी परततात. या भेटीत केंद्राविषयी जवळजवळ काहीच कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न थोड्या घरांचा राहिलेला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. यांतले बहुतेक घरीच सांभाळले जातात. बायको, सून, लेक यांच्या जिवावर. पण रात्र रात्र जागरण, दार उघडून निघून जाणे, कपड्यांतच शी-शू होणे हे सारे सांभाळताना सांभाळणारीच आजारी पडते, आणि मग केंद्राचा विचार होतो. तो करणाऱ्यांना अपराधी वाटू नये. मात्र निवड डोळे उघडे ठेवून व्हायला हवी.

अडचण अशी की हॉटेलात जो राहतो तोच त्याविषयी बरे-वाईट सांगतो. इथे राहणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा. राहणाऱ्याला सांगता येत नाही आणि त्याने सांगितलेच तर कुणी मानत नाही. ‘मला जेवायलाच दिले नाही’ अशी तक्रार आईने केली की मावशी हसून म्हणतात, ‘आत्ताच जेवल्या हो, विसरल्या.’ बहुतेक वेळा ते खरेही असते. पण ज्या दिवशी खरे नसेल, त्या दिवशीही उत्तर हेच मिळणार. म्हणून शब्दांवर नव्हे, दुसऱ्या खुणांवर नजर ठेवावी लागते.

पहिली खूण संध्याकाळची. चार ते सातच्या दरम्यान डिमेन्शियाच्या अनेक रुग्णांची तगमग वाढते. ‘घरी जायचंय, मुलं शाळेतून येतील’ असे म्हणत कुणी दाराशी जाते, कुणी पिशवी भरू लागते. नेमकी याच सुमारास अनेक ठिकाणी पाळी बदलते आणि माणसे कमी असतात. केंद्राचा खरा कस लागतो तो इथे. ‘हेच तुमचं घर, गप बसा’ असे दहा वेळा ऐकू येते का? की एखादी मावशी हात धरून चार पावले चालते आणि ‘मुलांना काय आवडतं हो खायला?’ असे विचारते? दुसऱ्या प्रकाराला महागडी यंत्रसामग्री लागत नाही. माणूस लागतो, आणि त्या माणसाला थोडा मोकळा वेळ लागतो.

ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट मोजण्याची पद्धत काढली. प्रशिक्षित निरीक्षक काही तास हॉलमध्ये बसतो आणि दर पाच मिनिटांनी नोंद करतो, की हा रुग्ण या क्षणी काय करतो आहे आणि त्याची मनःस्थिती कशी दिसते. काळजी घेणाऱ्यांनी त्याला हिणवले, घाई केली, त्याच्या डोक्यावरून आपसांत गप्पा मारल्या, तर तेही टिपले जाते. दुष्ट हेतू नसतानाही रोजच्या वागण्यातून माणसाचे माणूसपण झिजवले जाते, हा किटवूड यांचा मुद्दा. त्यांचे ‘डिमेन्शिया रिकन्सिडर्ड’ हे पुस्तक १९९७ चे आहे, पण आपल्याकडच्या अनेक हॉलना ते आजही लागू पडते. कुटुंबाला याची घरगुती आवृत्ती सहज करता येते. एक तास बसा. दर पाच मिनिटांनी एकाच आजोबांकडे पाहा. बारापैकी किती वेळा ते भिंतीकडे पाहत होते किंवा पेंगत होते, आणि किती वेळा त्यांच्याशी कुणी बोलले? तासभर बसू द्यायला केंद्राने नकार दिला, तर तेही उत्तरच आहे.

पेंगण्यावरून औषधांकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कमी विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही मूळची तीव्र मनोविकारांवरची औषधे. डिमेन्शियाच्या रुग्णाला ती दिली की तो शांत होतो, कधी कधी फारच शांत. या गटातील नव्या औषधांमुळे डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएने २००५ मध्ये दिला. साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांत सुमारे ४.५ टक्के, तर नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत सुमारे २.६ टक्के मृत्यू झाले होते. २००८ मध्ये हाच इशारा जुन्या औषधांनाही लागू केला गेला. इंग्लंडमध्ये सरकारसाठी केलेल्या २००९ च्या बॅनर्जी अहवालाचा अंदाज होता की डिमेन्शियाच्या सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांना ही औषधे दिली जात होती, त्यांतल्या ३६ हजारांना काहीसा फायदा होत होता, आणि त्यापायी वर्षाला १८०० जास्तीचे मृत्यू होत होते.

म्हणजे ही औषधे कधीच देऊ नयेत असे नाही. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू लागला, भासांनी हैराण झाला, तर थोड्या मात्रेत, थोडे दिवस ती लागू शकतात. (घरच्यांनी ती परस्पर बंद करणेही धोक्याचेच.) पण केंद्राला विचारा: यातले औषध किती जणांना सुरू आहे? ते कुणी लिहून दिले, कशासाठी, आणि कमी करून पाहण्याची तारीख कोणती? चिडचिड सुरू झाल्यावर आधी लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणारी दाढ, हरवलेले श्रवणयंत्र हे तपासले जाते का? या प्रश्नाला तत्काळ आणि नेमके उत्तर देणारे केंद्र भेटले, तर फरशी जरा मळकी असली तरी चालेल.

बांधून ठेवणे हा दुसरा उघड न बोलला जाणारा विषय. खुर्चीला ओढणीने, पलंगाला पट्ट्याने, ‘पडू नयेत म्हणून’. बांधलेला माणूस सुटायच्या धडपडीत पडतो, आणि दिवसभर न हलल्याने त्याच्या पायांतली उरलीसुरली ताकद जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तातडीची इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि लेखी नोंद करूनच असे बंधन घालता येते, आणि चोवीस तासांच्या आत रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला ते कळवावे लागते. असा फोन किती जणांना आला आहे?

बाकीच्या खुणा वहीत सापडतात. महिन्याच्या महिन्याला वजन नोंदवतात का? साठ किलोचा माणूस महिन्यात तीन किलोने उतरला, तर ते म्हातारपण समजून सोडून द्यायचे नसते. त्याला भरवायला कुणाला वेळ नाही, असाही त्याचा अर्थ असू शकतो. अंथरुणाला खिळलेल्यांना कूस बदलून देण्याची नोंद आहे का, आणि शय्याव्रण किती जणांना आहेत? रात्री किती जण जागे असतात? (‘असतात’ नव्हे, ‘जागे असतात’.) आणि मावशींना विचारा, इथे किती वर्षे आहात? दर दोन महिन्यांनी मावशी बदलत असतील तर आजोबांना चहात साखर लागते की गूळ, हे कुणाला ठाऊक असणार? पगार, सुट्टी, प्रशिक्षण यांवर खर्च न करणाऱ्या केंद्राचा संगमरवर आपल्याच पैशांचा असतो.

रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या फोटोंनी हुरळून जाऊ नये. परदेशातल्या मुलांना त्यांचा आधार वाटतो, ते समजू शकते. पण फोटो एका क्षणाचा असतो आणि क्षण केंद्राने निवडलेला असतो. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या नातेवाइकाने न कळवता मारलेली फेरी मोलाची.

पण हे सारे कुटुंबानेच का करायचे? इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन प्रत्येक केंद्राची तपासणी करते आणि अहवाल कुणालाही वाचता येतो. अमेरिकेत २००८ पासून नर्सिंग होमना तारे दिले जातात. पण त्यातली काही माहिती केंद्रेच देतात, आणि मनोविकाराच्या औषधांचा आकडा कमी दिसावा म्हणून रुग्णांना स्किझोफ्रेनियाचे निदान चिकटवले जात असल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने २०२१ मध्ये उघड केले. स्वतःच भरलेल्या प्रगतिपुस्तकावर विसंबता येत नाही, एवढा धडा आपण आयता घेऊ शकतो.

आपल्याकडे प्रगतिपुस्तकच नाही. कुणी वृद्धाश्रम म्हणून चालते, कुणी ट्रस्ट म्हणून, कुणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली. काळजी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद असलेले ज्येष्ठ नागरिक कायद्याचे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण ते संमत झाले नाही. तरी हातात काहीच नाही असे नाही. मानसिक आरोग्य कायद्यातील आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि दिशाभान यांतला गंभीर बिघाड स्पष्टपणे येतो, आणि असे रुग्ण ठेवणाऱ्या संस्थेने राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. राज्याने या कायद्याखाली डिमेन्शिया केंद्रांची यादी करावी, न कळवता तपासणी करावी आणि चार आकडे जाहीर करावेत: रात्री जागे असणारे कर्मचारी, शांत करणारी औषधे घेणारे रुग्ण, बंधनाच्या घटना आणि शय्याव्रणे.

तोवर करारावर सही करण्यापूर्वी एक कलम जरूर शोधा. ‘रुग्ण आक्रमक झाल्यास तत्काळ घरी न्यावे लागेल’ असे काही बारीक अक्षरांत लिहिलेले असू शकते. आक्रमक होणे हा या आजाराचाच भाग असताना, त्या दिवशी केंद्र नेमके काय करणार आहे, हे लेखी मागून घ्या.