पिंजऱ्याबाहेरचा आरोपी

पोळ्याच्या करीला सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामधल्या जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, पूजा करतात आणि मग दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. झेंडा हाती लागेपर्यंत किंवा दिवस मावळेपर्यंत गोटमार चालते. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. कुणाचं डोकं फुटतं, कुणाचा डोळा जातो, आणि आजवर काहींचे जीवही गेले आहेत. काठावर पोलीस असतात, डॉक्टर असतात, रुग्णवाहिका उभ्या असतात. जमावबंदीचे आदेश निघतात, गोफणीवर बंदी येते, अलीकडे वर ड्रोनही फिरतात. एवढा बंदोबस्त असूनही संध्याकाळी एका साध्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे नसतं : हा दगड कोणी मारला? न्याय-अन्यायावरच्या पुस्तकांविषयी लिहायला बसल्यावर मला सावरगावचा हाच प्रश्न कामाचा वाटतो. मराठीत या विषयावर जे खरोखर मोठं लिहिलं गेलं आहे, त्याचा बराचसा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो. आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभं आहे हे तर कोर्टातला पट्टेवालाही सांगेल. तिथे उभं असायला हवं होतं ते माणूस कुठे गेलं, हे शोधायला लेखक लागतो.

सुरुवात बुलढाण्यापासून करावी लागते. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली आणि पुढे अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची झाली. कोर्टाच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटलं. वर्तमानपत्रांनी मात्र ते मिटू दिलं नाही. एकूण स्त्रीजातीच्या चालचलणुकीवर ताशेरे झोडण्याची आयती संधीच चालून आली होती, आणि ‘पुणेवैभव’सारख्या पत्राने ती साधली. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकाने उत्तर दिलं. ताराबाईंनी विजयालक्ष्मीची वकिली केली असं म्हणतात, पण त्यात पुस्तकाचा अर्धाच मोठेपणा येतो. त्यांनी खटल्याची कक्षाच वाढवली. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घ्यायचा आणि तो पुरुषात किती आहे ते मोजून दाखवायचं, ही त्यांची रीत. विधवेचं पुनर्लग्न अडवणारा समाज, तिला फसवून मोकळा होणारा पुरुष, आणि त्या दोघांच्या वतीने नीतीचे धडे देणारा संपादक यांना सुरतेच्या कोर्टाने समन्स काढलं नव्हतं. ते ताराबाईंनी काढलं. पुस्तकाचं स्वागत असं झालं की त्यांचं दुसरं पुस्तक कधी आलंच नाही. जोतीराव फुल्यांनी पाठराखण केली, बाकीच्यांचा सूर बहुतेक विरोधाचाच होता. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत ते जवळपास विस्मरणातच होतं.

ताराबाईंच्या पुस्तकानंतर ८५ वर्षांनी, १९६७ मध्ये, विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आलं. तिथेही आरोपी बाई, आरोप भ्रूणहत्येचा, आणि ज्याला जाब विचारायचा तो पुरुष गैरहजर. मुंबईची एक हौशी मंडळी खेडेगावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते. प्रयोगाला वेळ असतो, गावातल्या सामंतला कोर्ट कसं असतं ते दाखवायचं असतं, म्हणून गमतीखातर लीला बेणारे या शिक्षिकेवर खोटा खटला भरतात. काशीकर न्यायाधीश होतात, सुखात्मे वकील. हळूहळू साक्षीदार खरं बोलू लागतात. ज्याच्यापासून बाई गरोदर आहे ते प्रा. दामले मंडळीतलेच, पण त्या दिवशी आलेलेच नाहीत. नाव सगळ्यांना ठाऊक आहे, चर्चा त्यांच्याच खोलीची चालली आहे, आणि त्यांना बोलवावं असं एकालाही वाटत नाही. तेंडुलकरांची करामत अशी की रंगमंचावर कधीच न येणारं हे पात्र सबंध नाटकभर नजरेसमोरून हलत नाही. आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. बिचाऱ्या सामंतला साक्षीला उभं केल्यावर सांगायला काहीच नसतं, म्हणून तो हातातल्या कादंबरीतला प्रसंग साक्ष म्हणून ठोकून देतो. तो नेमका बेणारेला जाऊन लागतो. कादंबरीतल्या बाया आणि खऱ्या बाया एकाच साच्याच्या संकटात सापडतात, हे नाटककाराने एकही उपदेशपर वाक्य न लिहिता सांगितलं. शेवटी काशीकर जो निकाल देतात तो असा की भ्रूणहत्येच्या आरोपावरून सुरू झालेला खटला गर्भ नष्ट करण्याच्या शिक्षेवर संपतो. मग सगळे भानावर येतात, खेळच तर होता असं तिला समजावतात आणि खऱ्या प्रयोगाच्या तयारीला लागतात.

आता पुन्हा जाम नदीच्या पात्रात येऊ, कारण तिथेही दिवसभर जे चालतं त्याला खेळच म्हणतात. गोटमारीची म्हणून जी कथा सांगतात ती सर्वांना ठाऊक आहे : पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, दोघं पळून जाताना भर नदीत सापडली, दोन्ही काठांवरून दगड आले, आणि दोघं पाण्यातच संपली. युद्धसरावाची दुसरी एक कथाही सांगतात, पण लोकांच्या तोंडी बसली आहे ती हीच. ती खरी की खोटी या वादात मला रस नाही. लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट म्हणून ती वाचली की थक्क व्हायला होतं. ही दोन गावांनी मिळून केलेल्या खुनाची कबुली आहे. कथेप्रमाणे मेलेल्यांना गावच्या देवीच्या दारी मान मिळाला, मारणाऱ्यांची चौकशी झाली नाही, आणि स्मरण म्हणून दरवर्षी करायचं ते पुन्हा दगड मारायचंच काम. कथेत मुलीला नाव नाही, मुलालाही नाही. ज्यांनी पहिला दगड उचलला त्यांना तर नसणारच. त्याच करीच्या दिवशी नागपुरात मारबत निघते आणि बडग्याच्या पुतळ्यावर त्या-त्या वर्षीच्या गुन्हेगाराचं नाव चिकटवून त्याची धिंड काढतात. तो न्याय उथळ असेल, पण निदान नाव तरी घेतो.

जमावाच्या दगडावर तेंडुलकरांनीच पुढे ‘घाशीराम कोतवाल’ लिहिलं. १९७२ च्या डिसेंबरात ते पुण्यात आलं. त्याच्या मुळाशी इतिहास आहे : १७९१ च्या ऑगस्टमध्ये कोतवालाच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, पुण्यात हलकल्लोळ झाला, आणि नाना फडणविसांनी घाशीरामाला जमावाच्या हवाली केलं. दगडांनी ठेचून त्याला मारण्यात आलं. घाशीराम निर्दोष नव्हता, आणि तेंडुलकर त्याला निर्दोष ठरवतही नाहीत. पण ज्याने त्याला कोतवाली दिली, ज्याच्या जोरावर तो माजला, तो नाना शेवटी मेलेल्या कोतवालाकडे पाठ करून उत्सवाचा हुकूम सोडतो. मधे उभी असते ती ब्राह्मणांची मानवी भिंत, जिच्याआड हवं ते झाकता येतं आणि हवं तेव्हा जी दगड होऊन सुटते. दोषी माणसालाही जमावाने मारलं की खरा जबाबदार सुटतो, एवढी अवघड गोष्ट हे नाटक सांगतं.

यावर कायद्याचा अभ्यासक म्हणेल की साहित्यिकांनी उगाच गूढ केलं आहे, कायद्याला घोळका काही नवा नाही. ते खरंच आहे. बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी प्रत्येकाला जबाबदार धरणारं भारतीय दंड संहितेचं कलम १४९ होतं, आता न्याय संहितेत तेच कलम १९० आहे. राहिला संमतीचा मुद्दा, की गोटमारीत उतरणारा आपल्या मर्जीने उतरतो. त्याचंही उत्तर १८६० पासून लिहून ठेवलेलं आहे. जुन्या कलम ८७ मध्ये, म्हणजे आताच्या कलम २५ मध्ये, दोघांनी करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायचं ठरवल्याचं उदाहरण आहे. नियमाने खेळताना इजा झाली तर गुन्हा नाही. पण ही सवलत १८ वर्षांवरच्यांच्या संमतीपुरती, आणि मृत्यू किंवा जबर दुखापत होण्याचा संभव माहीत नसेल तरच. डोळा कायमचा जाणं ही कायद्याच्या व्याख्येनेच जबर दुखापत आहे. तेव्हा कायद्यात पळवाट नाही. अडचण अशी की दोन गावं आरोपी म्हणून उभी करायची तर तक्रार कोणी द्यायची आणि साक्षीला कोण यायचं? जखमी माणूस स्वतः दगड मारत होता, त्याचा भाऊ मारत होता, पंचही काठावरच होते. आणि काठावरच्या बघ्यांना कोणत्या कलमात बसवणार? कायदा इथे अपुरा पडत नाही, तो एकटा पडतो. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तेही चाललं नाही. इथे अन्याय होतो आहे हे ज्यांना मुळात पटलेलं नाही, त्यांच्यावर बंदी लादली की ती सन्मानाचा प्रश्न होऊन बसते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे : पुण्या-मुंबईच्या नाटकांची मापं सावरगावला लावणारे तुम्ही कोण? सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूख १९५६ च्या राज्य-फेररचनेत मध्य प्रदेशातच राहिला, शाळेची भाषा बहुतेक हिंदी झाली, मराठी पुस्तक इथे अजूनही वाट वाकडी करूनच पोहोचतं. आणि पोहोचावं ते गावाला नावं ठेवायला? पण ही दोन्ही नाटकं नीट वाचली तर त्यांत खेडवळांची टिंगल कुठेच नाही. पिंजऱ्यात उभे केले आहेत ते मुंबईचे सुशिक्षित आणि पुण्याचे प्रतिष्ठित. ‘शांतता’त थोडीफार माणुसकी शिल्लक असलेला कोणी असेल तर तो गावातला सामंतच. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनात तर पिंजऱ्याची दुसरी बाजू दिसते : १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच आरोपी ठरवलं, त्यांच्या माथ्यावरचा शिक्का कायदा रद्द झाल्यावरही गेला नाही. कुठेही चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्या पालावर. काहींना कधीच विचारायचं नाही आणि काहींनाच कायम विचारायचं, ही एकाच व्यवस्थेची दोन टोकं आहेत. ‘उचल्या’ वाचलेला माणूस गोटमारीकडे तुच्छतेने बघणार नाही. तो एवढंच विचारेल की अशी मोकळीक एखाद्या पारध्यांच्या बेड्याला मिळाली असती का?

आणि पुस्तकाने दगड थांबतात का? नाही थांबत. ‘घाशीराम’ला टाळ्या वाजवून लोक घरी गेले आणि देशातले जमाव होते तसेच राहिले. मला तरीही पुस्तकावर भरवसा वाटतो तो एका मर्यादित कारणाने. कोर्ट पुराव्याअभावी प्रकरण बंद करतं, पुस्तक ते उघडं ठेवतं. विजयालक्ष्मीचा खटला आज आठवतो तो निकालपत्रामुळे नव्हे, ताराबाईंमुळे, आणि तोही नव्वदेक वर्षांच्या खंडानंतर. जाम नदीच्या पात्रात गेलेल्यांची नावं आज वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत आणि घरोघरच्या आठवणींत विखुरलेली आहेत. सावरगाव आणि पांढुर्ण्याच्या शिक्षकांनी, वाचनालयांनी, लिहित्या पोरांनी पुढच्या पोळ्याच्या आत एवढं करावं : घरच्यांची संमती घेऊन प्रत्येकाचं नाव, वय, साल आणि घरचे जे सांगतील ते, लिहून काढावं. डोळा गेलेल्यांचीही नोंद घ्यावी. मराठीत छापावं, हिंदीतही छापावं, आणि झाड रोवायच्या आदल्या दिवशी दोन्ही काठांवर वाटावं.