पसंतीक्रम नेमका कोणाचा?

जूनच्या मध्यावर महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी संध्याकाळी एक फेरफटका मारावा. सेतू केंद्रापुढे रांग लागलेली असते. रांगेतल्या प्रत्येकाच्या हाती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि रेशनकार्ड असते. शेजारच्या इंटरनेट केंद्रात संगणकासमोर बसलेला बावीस-तेवीस वर्षांचा तरुण मान वर न करता विचारतो, "कोणकोणती कॉलेजं टाकू?" बाप मुलाकडे पाहतो, मुलगा बापाकडे पाहतो आणि अखेरीस दोघेही त्या तरुणाकडे पाहतात. चार वर्षांचे शिक्षण, काही लाखांचा खर्च आणि बहुधा पुढील सर्व आयुष्याची दिशा या तिसऱ्या माणसाच्या अंदाजावर सोपविली जाते. त्याचा त्यात दोष नाही. एका अर्जामागे शे-दोनशे रुपये घेऊन तो आपले काम उरकत असतो.

बारावीनंतरच्या प्रवेशाची व्यवस्था गेल्या दीड-दोन दशकांत इतक्या वेळा बदलली आहे, की घरातल्या थोरल्या भावाचा अनुभवही धाकट्याच्या उपयोगी पडत नाही. 'एआयईईई' जाऊन २०१३ मध्ये 'जेईई मेन' आली. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे राज्यातील अभियांत्रिकीचे प्रवेशही त्याच परीक्षेवर झाले आणि २०१६ पासून पुन्हा राज्याची 'एमएचटी-सीईटी' सुरू झाली. वैद्यकीय शिक्षणासाठी 'नीट' आली, न्यायालयात अडकली आणि २०१६ मध्ये कायमची झाली. केंद्रीय विद्यापीठांनी २०२२ पासून 'सीयूईटी'चा मार्ग धरला. प्रत्येक दाराची चावी निराळी, नोंदणीची मुदत निराळी आणि नियमांची भाषाही निराळी!

तरीही या केंद्रीभूत पद्धतीबद्दल तक्रारीचा सूर काढण्यापूर्वी तिच्या आधी काय होते, याचे स्मरण ठेवले पाहिजे. १९८३ नंतर महाराष्ट्रात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे उघडली आणि त्यापाठोपाठ 'देणगी' हा शब्द घराघरांत पोहोचला. देणग्यांना बंदी घालणारा कायदा राज्याला १९८७ मध्ये करावा लागला. गुणवत्ता यादी, जाहीर कटऑफ आणि संगणकाने होणारे जागावाटप यांमुळे कोणाच्या चिठ्ठीवाचून गरिबाचा मुलगा नामांकित महाविद्यालयात जाऊ शकतो, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पद्धत पारदर्शक असली, तरी ती वाचता येणारे कोणी घरात असावे लागते. ज्या घरातील पहिलेच मूल बारावी होत आहे, त्या घराला ही पारदर्शक काच भिंतीसारखीच भासते.

साधा पर्सेंटाइल घ्या. "मुलाला ब्याण्णव मिळाले" असे आनंदाने सांगणारे पालक ते ब्याण्णव टक्के समजत असतात. वस्तुतः ९२ पर्सेंटाइल याचा अर्थ एवढाच, की परीक्षेला बसलेल्या शंभरांतील सुमारे ब्याण्णव विद्यार्थी त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. परीक्षेला तीन लाख विद्यार्थी बसले असे धरले, तर त्याच्या पुढे सुमारे चोवीस हजार उरतात. हे गणित आधीच उमगले असते, तर पहिल्या फेरीच्या निकालादिवशी अनेक घरांत जी अवकळा पसरते, ती पसरली नसती.

मात्र खरी हानी होते ती पसंतीक्रम भरताना, आणि ती एका चुकीच्या समजुतीपोटी. "जे कॉलेज मिळणारच नाही, ते वर टाकून फेरी कशाला वाया घालवायची?" हा सल्ला गावोगाव दिला जातो. आधी सुरक्षित महाविद्यालय, मग जरा बरे आणि शेवटी स्वप्नातले, असा उलटा क्रम लावला जातो. संगणक कसे वाटप करतो, हे ठाऊक नसल्याचा हा परिणाम होय. जागावाटप गुणवत्ता क्रमाने होते. विद्यार्थ्याची पाळी आली, की संगणक त्याची यादी वरून खाली वाचतो आणि ज्या पहिल्या ठिकाणी त्याच्यासाठी जागा शिल्लक असेल, ती देऊन थांबतो. वर लिहिलेले अवघड महाविद्यालय न मिळाल्याने खालच्या पसंतीवरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. उलट सुरक्षित महाविद्यालय वर लिहिले, तर संगणक तेथेच थांबतो आणि त्याखालचे काहीही वाचत नाही.

समजा, सांगली जिल्ह्यातील एखाद्या मुलीचे गुण वालचंद महाविद्यालयातील तिच्या आवडीच्या शाखेला पुरेसे आहेत. भीतीपोटी तिने घराजवळचे खासगी महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर आणि वालचंद चौथ्या क्रमांकावर लिहिले. पहिल्या फेरीत तिला पहिली पसंती मिळते, घरात पेढे वाटले जातात आणि त्या क्षणी वालचंदचे दार बंद झालेले असते. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी ठरविलेल्या चार फेऱ्यांच्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, तर ती स्वीकारणे बंधनकारक होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही मिळाली, तरी हेच बंधन होते. तशी जागा नाकारणाऱ्याला पुढील फेऱ्यांत स्थान नव्हते. बाजारात ज्याला 'ऑटो फ्रीझ' म्हणतात, ते हेच. तेव्हा सुरुवातीच्या पाच-सहा ओळी भरताना 'मिळेल काय' हा प्रश्न बाजूला ठेवून 'मिळाले तर मनापासून जाणार काय' एवढेच विचारावे. मिळण्याचा विचार यादीच्या तळाशी करावा. तेथे गेल्या वर्षीचे कटऑफ पाहून खात्रीची नावे असलीच पाहिजेत. जेथे पाऊलही ठेवायचे नाही, असे महाविद्यालय केवळ यादी लांबविण्यासाठी लिहू नये, कारण शेवटच्या फेरीत तेच पदरी पडू शकते. हे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका एकदा तरी स्वतः वाचण्याला पर्याय नाही.

कागदपत्रांचा प्रश्न याहून जुना आणि अधिक जिव्हाळ्याचा आहे. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश घेणाऱ्याला जातीच्या दाखल्याबरोबर पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी कुटुंबाची मूळ नोंद द्यावी लागते, आणि ती विवक्षित दिनांकापूर्वीची असावी अशी अपेक्षा असते. हे दिनांक प्रवर्गानुसार ठरलेले आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. कागदावर या चार ओळी सोप्या दिसतात. परंतु ज्याचे आजोबा मेंढरे घेऊन आठ महिने रानोमाळ फिरत होते, त्याने १९६१ पूर्वीचा शाळेचा उतारा कोठून आणावा? ज्यांचा बाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर दरवर्षी तालुके बदलत राहिला, त्यांच्या घरी कागद टिकणार तरी कसा? अशा प्रकरणांत दक्षता पथकाची चौकशी होते, नातलगांच्या नोंदी शोधाव्या लागतात, आणि त्याला महिने लागतात. बारावीच्या निकालानंतर हे काम हाती घेणारा विद्यार्थी शर्यत सुरू होण्यापूर्वीच मागे पडलेला असतो. अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश देण्याची आणि मुदत वाढविण्याची सवलत शासनाने वेळोवेळी दिली आहे, हे खरे. पण मुदतवाढ मिळेलच, या भरवशावर मुलाचे वर्ष टांगून ठेवता येत नाही. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राचेही तसेच. त्यावरील ३१ मार्चची मुदत न पाहताच अनेक जण गेल्या वर्षीचा कागद जोडतात आणि पडताळणीच्या दिवशी धावपळ करतात.

आता पैशाविषयी. मुलींच्या पालकांना एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. ज्या प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्म्या शुल्काची सवलत होती, त्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना जुलै २०२४ मधील शासन निर्णयाने शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक आठ लाख रुपयांची आहे. अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा. येथेच दलालाचे फावते. खासगी महाविद्यालयांतील काही जागा संस्थास्तरावर भरल्या जातात. "फेऱ्यांची कटकट कशाला, थेट जागा मिळवून देतो," असे सांगून पालकाला तिकडे वळविले जाते. जागा मिळते. परंतु त्या जागेबरोबर शुल्कमाफी येत नाही आणि राजर्षी शाहू महाराज योजनेतील सवलतही येत नाही, हे पहिल्या वर्षाचे पैसे भरल्यावर कळते. जी मुलगी फेऱ्यांतून विनाशुल्क शिकली असती, तिच्यासाठी वडील एकरभर रान गहाण टाकतात. वसतिगृह आणि खानावळ यांचा खर्च शुल्कमाफीत नाही. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे आणि तिचाही अर्ज वेळेत करावा लागतो.

सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांचे दुखणे याच्या नेमके उलट आहे. "यंदा आमची बारावी आहे," असे आई-वडील बहुवचनात सांगतात, आणि ते शब्दशः खरे असते. वडील गेल्या तीन वर्षांचे कटऑफ तक्त्यांत मांडून ठेवतात, आई चार समुपदेशकांचे सल्ले नोंदवून घेते, आणि मुलगा शेजारच्या खोलीत मोबाईलवर असतो. अर्ज बिनचूक भरला जातो. त्यावर मुलाचे नाव असते आणि क्रम वडिलांचा. तालुक्याच्या गावी जे काम इंटरनेट केंद्रातला तरुण करतो, तेच येथे वडील करतात. फरक इतकाच, की तो तरुण मुलाला एकदा तरी विचारतो.

संगणक अभियांत्रिकी सोडून बाकी सारे म्हणजे माघार, हा समजही याच घरांतून पसरतो. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ पासून उद्योगजगताला माणसे देत आली आहे. मूलभूत विज्ञानाची ओढ असलेल्यांसाठी पुण्यात २००६ पासून 'आयसर' आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांचा मार्ग सीईटीतूनच जातो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा २०२१ पासून मुलींनाही खुली झाली आहे. ज्याला हाताने काम करून शिकायला आवडते, तो पदविका करून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला येऊ शकतो. यातले कोणते आपले, हे मुलाने सांगायचे आहे. सांगता येत नसेल, तर त्याला त्यासाठी अकरावीचे वर्ष मिळायला हवे होते, शिकवणीच्या दोन तुकड्यांमधला अर्धा तास नव्हे.

ज्या वाचकांच्या घरातून गेल्या काही वर्षांत एक तरी मूल या फेऱ्यांतून गेले आहे, त्यांना हा अर्ज पाठ झालेला असतो. ते ज्ञान पुढच्या जूनमध्ये कोणाच्याच उपयोगी पडत नाही. वस्तीतल्या अभ्यासिकेत किंवा गणेश मंडळाच्या खोलीत जून-जुलैत आठवड्यातून दोन संध्याकाळी एक संगणक, छापलेली माहितीपुस्तिका आणि असा एक अनुभवी पालक एवढे असले, तरी पुष्कळ होईल. त्याने मुलांसाठी महाविद्यालय निवडू नये. तो मोह फार मोठा असतो. त्याने नियम वाचून दाखवावेत, शाखेचा सांकेतिक क्रमांक तपासावा, आणि मुलाने केलेला क्रम त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा. वाचताना ज्या ओळीवर मूल अडखळते, ती ओळ बहुधा दुसऱ्याने लिहिलेली असते.

कागदांचे काम मात्र जूनपर्यंत थांबवून चालत नाही. ते दिवाळीच्या सुट्टीत सुरू करावे. वस्तीतील अकरावीच्या मुला-मुलींची एक यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे तूर्त एकच गोष्ट लिहून घ्यावी: आजोबा कोणत्या गावी राहत होते, आणि शाळेत गेले असल्यास कोणत्या.