डिटेनरची भरपाई शहरांनी का भरायची? अमेरिकेच्या न्याय खात्यास खुले पत्र

प्रति,
न्याय खाते, अमेरिकेची संयुक्त संस्थाने,
वॉशिंग्टन डी. सी.

विषय : इमिग्रेशन डिटेनर न पाळणाऱ्या शहरांवर आणि राज्यांवर भरलेले खटले

स्थानिक पोलिसांनी अटक केलेल्या प्रत्येक माणसाच्या बोटांचे ठसे तुरुंगात घेतले जातात. ते एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटी खात्याच्या हाती पडतात. २००८ मध्ये ‘सिक्युअर कम्युनिटीज’ या नावाने सुरू झालेली ही व्यवस्था २०१३ पर्यंत देशभर पोचली. सॅन फ्रान्सिस्को असो वा शिकागो, कुठलेही शहर तिच्याबाहेर नाही. ठशांवरून संशय आला, की इमिग्रेशन कायदा राबवणाऱ्या ‘आइस’ या त्या खात्याच्या यंत्रणेचा अधिकारी त्या तुरुंगाकडे आय-२४७ए हा फॉर्म पाठवतो. हाच डिटेनर. या माणसाच्या सुटकेची वेळ झाली तरी त्याला आणखी ४८ तासांपर्यंत आत ठेवा, आइसचे लोक येऊन घेऊन जातील, असे त्यात म्हटलेले असते. सोबतच्या वॉरंटावर सही असते ती आइसच्याच अधिकाऱ्याची. ते न्यायाधीशापुढे गेलेले नसते.

ज्यांना सँक्चुअरी शहरे म्हटले जाते, त्यांच्या धोरणाचा गाभा या ४८ तासांत आहे. ही शहरे कुणाला लपवत नाहीत, आइसला शहरात यायला मज्जाव करत नाहीत आणि न्यायाधीशाने काढलेले वॉरंट आले तर ते पाळतात. ज्याला जामीन मिळाला, ज्याची शिक्षा संपली किंवा ज्याच्यावरचा आरोपच मागे घेतला गेला, अशा माणसाला केवळ एका फॉर्मवर कोंडून ठेवायला ती नकार देतात. न्याय खाते या नकाराला कायद्याच्या अंमलबजावणीत अडथळा म्हणते. त्याच खात्याच्या वकिलांनी वेगवेगळ्या न्यायालयांत डिटेनर ही विनंती आहे, सक्ती नाही, अशी भूमिका घेतलेली आहे. २०१४ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तसा निकालही दिला.

तो खटला पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय काउंटीचा. २००८ साली तिथे पकडलेला एक तरुण जामिनावर सुटू शकत असताना डिटेनरमुळे तीन दिवस कोठडीत राहिला. तो न्यू जर्सीत जन्मलेला अमेरिकी नागरिक होता. काउंटीने बचाव असा केला, की डिटेनर आला म्हणजे पाळणे भागच होते. न्यायालयाने तो फेटाळला. पाळायचा की नाही हे काउंटीच्या हाती होते आणि म्हणून जबाबदारीही काउंटीची, असे न्यायालयाने ठरवले. लीहायने पुढे ९५,००० डॉलर देऊन तडजोड केली. त्याच वर्षी ऑरेगनमधल्या क्लॅकमस काउंटीविरुद्ध फेडरल न्यायालयाने निकाल दिला. तिथे एक स्त्री जामिनाची रक्कम भरायला तयार असून दोन आठवडे आत राहिली आणि शिक्षेची मुदत संपल्यावरही तिला १९ तास सोडले नाही. केवळ डिटेनरवर तिला अडकवून ठेवणे अवाजवी अटक-झडतीपासून संरक्षण देणाऱ्या चौथ्या घटनादुरुस्तीच्या विरुद्ध होते, असे न्यायालयाने म्हटले. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की दिवाणी स्वरूपाच्या डिटेनरवर माणसाला धरून ठेवण्याचा अधिकार राज्याच्या कायद्याने तिथल्या अधिकाऱ्यांना दिलेलाच नाही.

यानंतरचे आकडे न्याय खात्याने नीट वाचावेत. लॉस एंजेलिस काउंटीने २०१० ते २०१४ या काळात डिटेनरवर रोखून ठेवलेल्या १८,५०० हून अधिक लोकांच्या दाव्यात २०२० साली १.४ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. न्यूयॉर्क शहराने १९९७ ते २०१२ या काळात अशाच रीतीने अडकवलेल्या २०,००० हून अधिक लोकांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये ९.२५ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. लाँग आयलंडवरच्या सफोक काउंटीत तर नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्युरीने ६७४ लोकांसाठी ११.२ कोटी डॉलर भरपाई ठरवली. माणशी हिशेब केला तर ती १,६६,००० डॉलरच्या आसपास जाते. सफोकने आइसला नकार दिला नव्हता. तिने डिटेनर पाळले, आणि पाळले म्हणूनच ती न्यायालयात दोषी ठरली.

या तिन्ही ठिकाणची रक्कम स्थानिक करदात्यांच्या खिशातली आहे. रस्ते, शाळा, दवाखाने ज्या तिजोरीतून चालतात तिच्यातली आहे. फेडरल सरकारवर तिचा बोजा पडू नये, याची तजवीज नियमातच करून ठेवलेली आहे. डिटेनरचा आधार असलेल्या नियम २८७.७ चे कलम ‘ई’ सांगते, की माणसाचा प्रत्यक्ष ताबा घेईपर्यंत डिटेनरमुळे होमलँड सिक्युरिटी खात्यावर कोणतेही आर्थिक दायित्व येत नाही. कोंडून ठेवायचे काउंटीने, जेवण-पहारा काउंटीचा, खटला काउंटीवर आणि भरपाईही काउंटीचीच. मायामी-डेड काउंटीने २०१३ मध्ये डिटेनर पाळणे थांबवले, त्यामागे याच खर्चाची तक्रार होती. फेडरल सरकार तो सगळा भरून देत नव्हते, हे मुख्य कारण होते. नकार दिला तर न्याय खाते खटला भरते आणि होकार दिला तर कोंडलेला माणूस खटला भरतो, अशा कात्रीत ज्या खात्याने काउंट्यांना धरले आहे, ते ‘न्याय’ हे नाव लावते ही संतापाची गोष्ट आहे.

घटनेची बाजू खात्याला ठाऊक आहे, तरीही ती मांडणे भाग आहे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दोन शेरीफ उभे होते, एक मोंटाना राज्यातला आणि एक ॲरिझोनातला. बंदूक विकत घेणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याचे काम फेडरल कायद्याने त्यांच्यावर लादले होते. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी बहुमताचा निकाल लिहिला : राज्यांच्या अधिकाऱ्यांना आपल्या कार्यक्रमासाठी राबवून घेण्याचा अधिकार फेडरल सरकारला नाही. २०१८ मध्ये न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी क्रीडा-सट्ट्याच्या खटल्यात तेच तत्त्व आणखी ठाम केले. हे दोघेही पुराणमतवादी न्यायमूर्ती. बंदूकधारकांच्या हक्कांसाठी जे तत्त्व ज्यांनी डोक्यावर घेतले, त्यांनी स्थलांतरितांची पाळी येताच ते खाली ठेवावे, हे कायद्याशी प्रामाणिक वागणे नव्हे.

या तत्त्वाची मुळे त्याहून खोल आहेत. १८४२ च्या ‘प्रिग विरुद्ध पेनसिल्व्हेनिया’ निकालात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी पळून आलेल्या गुलामांना परत देण्याचा फेडरल कायदा वैध ठरवला, मात्र तो राबवायची सक्ती राज्यांच्या अधिकाऱ्यांवर करता येणार नाही असेही सांगितले. दुसऱ्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने आपले अधिकारी आणि आपले तुरुंग या कामासाठी वापरायला कायद्याने मनाई केली. आज त्याच राज्याची राजधानी असलेले बोस्टन तुरुंगाच्याच प्रश्नावर न्याय खात्याचे प्रतिवादी आहे. गुलामगिरी आणि इमिग्रेशन या गोष्टी एक नाहीत. राज्याचा तुरुंग कोणासाठी उघडायचा हे राज्याने ठरवायचे, हा मुद्दा मात्र तोच आहे.

खात्याची कारवाई मात्र वाढतच गेली. २५ जानेवारी २०१७ च्या अध्यक्षीय आदेशाने सँक्चुअरी शहरांचे फेडरल अनुदान तोडायचे ठरवले. न्यायाधीश विल्यम ऑरिक यांनी तो रोखला आणि नवव्या सर्किटने २०१८ मध्ये मुख्य मुद्द्यावर त्यांना पाठिंबा दिला. खर्चाच्या अटी घालणे हे काँग्रेसचे काम आहे, अध्यक्षांचे नाही, हे कारण साधे होते. २०२५ मध्ये तोच प्रयत्न पुन्हा झाला आणि त्याच न्यायाधीशांनी एप्रिलमध्ये तो पुन्हा रोखला. मे अखेरीस होमलँड सिक्युरिटी खात्याने पाचशेहून अधिक ठिकाणांची यादी जाहीर केली. आपण सँक्चुअरी नाही असा ठराव करणारे कॅलिफोर्नियातले हंटिंग्टन बीचही त्या यादीत होते. शेरीफांच्या राष्ट्रीय संघटनेनेच आक्षेप घेतल्यावर काही दिवसांत ती यादी उतरवावी लागली. ५ ऑगस्टला न्याय खात्याने स्वतःची यादी काढली, तीत ३५ नावे होती. दोन महिन्यांत पाचशेची पस्तीस कशी झाली, याचे उत्तर त्या शहरांच्या रहिवाशांना कोणी दिले नाही.

दरम्यान खात्याने इलिनॉयवर भरलेला दावा न्यायाधीश लिंडसे जेनकिन्स यांनी २५ जुलै २०२५ रोजी फेटाळला. तो ज्या ‘ट्रस्ट ॲक्ट’वर होता, त्यावर २०१७ मध्ये सही केली होती रिपब्लिकन गव्हर्नर ब्रूस राउनर यांनी. त्या निकालानंतरही सप्टेंबरमध्ये बोस्टन आणि मिनेसोटावर नवे दावे दाखल झाले.

सार्वजनिक सुरक्षेचा मुद्दा खाते सर्वांत वर ठेवते, म्हणून त्याला पूर्ण उत्तर हवे. जुलै २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर एका तरुणीचा गोळी लागून जीव गेला. गोळी झाडणारा माणूस पाच वेळा हद्दपार झालेला होता आणि आइसचा डिटेनर असूनही काही आठवड्यांपूर्वी शेरीफने त्याला सोडले होते. तिच्या आईवडिलांच्या दुःखापुढे कोणताही युक्तिवाद तोकडा आहे, आणि सुटकेची नुसती खबर आइसला द्यायला काय हरकत होती, हा त्यांच्या बाजूने विचारला गेलेला प्रश्न रास्त होता. त्याच घटनेची दुसरी बाजूही आहे. हा माणूस शहराकडे आला तोच फेडरल तुरुंगातून, गांजाच्या एका वीस वर्षे जुन्या प्रकरणातल्या वॉरंटासाठी. तो आधीच फेडरल सरकारच्या ताब्यात होता. हद्दपारीनंतर पुन्हा देशात शिरणे हा फौजदारी गुन्हा असल्याने न्यायाधीशाकडून वॉरंट मिळवणेही शक्य होते. तसे वॉरंट शेरीफच्या टेबलावर असते, तर शहराच्या धोरणाने त्याला सोडू दिले नसते.

एका घटनेवरून देशाचे धोरण ठरवायचे नसेल, तर अभ्यासाकडे पाहावे लागते. डेव्हिड हाउसमन यांचे २०२० मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेले संशोधन काउंट्यांच्या आकडेवारीवर उभे आहे. त्यांना असे आढळले, की सँक्चुअरी धोरणांमुळे हद्दपारी सुमारे एक तृतीयांशाने घटली. हिंसक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची हद्दपारी मात्र घटली नाही, आणि गुन्हेगारी वाढल्याचेही दिसले नाही. म्हणजे ही धोरणे ज्यांना वाचवतात ते बहुतांशी किरकोळ कारणाने पोलिसांच्या हाती लागलेले लोक आहेत.

आता पोलिसांचे स्वतःचे म्हणणे. लॉस एंजेलिसमध्ये इमिग्रेशनची चौकशी न करण्याचा ‘स्पेशल ऑर्डर ४०’ हा आदेश १९७९ मध्ये निघाला तो पोलिसप्रमुख डॅरिल गेट्स यांच्या कारकिर्दीत, आणि गेट्स हे मवाळपणासाठी कधीच ओळखले गेले नाहीत. साक्षीदार पुढे आला नाही तर गुन्हा उकलत नाही, हे त्यांना कळत होते. २०१७ च्या सुरुवातीला, हद्दपारीची भीती पसरल्यावर, त्याच शहराचे तेव्हाचे पोलिसप्रमुख चार्ली बेक यांनी सांगितले, की लॅटिनो समाजातून येणाऱ्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी आदल्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांनी घटल्या आहेत. ह्यूस्टनचे तेव्हाचे पोलिसप्रमुख आर्ट असेवेडो यांनी तिथल्या लॅटिनो समाजाच्या बलात्काराच्या तक्रारींतली घट ४२.८ टक्के असल्याचे सांगितले. अत्याचार घटले म्हणून तक्रारी घटल्या, असे या दोघांपैकी कोणीही मानले नाही. काँग्रेसलाही हे कळलेले आहे : गुन्ह्याला बळी पडून तपासात मदत करणाऱ्या परदेशी व्यक्तीसाठी तिने २००० साली यू व्हिसा निर्माण केला आणि वर्षाला १०,००० ची मर्यादा ठेवली. बाईने न घाबरता पोलिसांकडे यावे म्हणून एक फेडरल कायदा व्हिसा देतो, आणि त्या पोलिसांना आइसचे हस्तक बनवण्यासाठी फेडरल खाते खटले भरते.

ही भीती फक्त लॅटिनो घरांपुरती नाही. न्यू जर्सीत, एडिसनपासून जर्सी सिटीपर्यंत, हजारो भारतीय कुटुंबे राहतात आणि त्यांत मराठी घरेही पुष्कळ आहेत. एच-४ व्हिसावर आलेल्या बायकोचा देशात राहण्याचा हक्क नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला असतो. नवरा मारतो, आणि तक्रार केलीस तर कागद रद्द करून तुला परत पाठवीन अशी धमकी देतो. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी १९८५ मध्ये न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था उभी राहिली, ती अशाच घरगुती हिंसेविरुद्ध. त्या बाईने फोन उचलायचा असेल, तर दारात येणारा पोलीस तिचा व्हिसा विचारणार नाही ही खात्री तिला हवी. ती खात्री २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी ‘इमिग्रंट ट्रस्ट डायरेक्टिव्ह’ काढून दिली. ते स्वतः भारतातून आलेल्या आईबापांचे पुत्र. हा आदेश आंधळा नाही. गंभीर गुन्ह्यातला आरोपी किंवा हद्दपारीचा अंतिम आदेश झालेला माणूस असेल, तर सुटकेच्या दिवशी रात्री ११.५९ पर्यंत त्याला आइससाठी थांबवण्याची मुभा त्यात आहे. तिसऱ्या सर्किटने २०२१ मध्ये हा आदेश उचलून धरला. तरीही मे २०२५ मध्ये न्याय खात्याने न्यूआर्क, जर्सी सिटी, पॅटरसन आणि होबोकेन या चार शहरांना न्यायालयात खेचले.

फेडरल सरकारकडे साधनांची टंचाई नाही. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने इमिग्रेशन आणि सीमेसाठी सुमारे १७० अब्ज डॉलर मिळाले, त्यांतले ४५ अब्ज एकट्या कोठड्यांसाठी. एवढ्या पैशात तुरुंगाच्या दारात सुटकेच्या वेळी माणूस उभा करणे आणि गंभीर प्रकरणांत न्यायाधीशापुढे जाऊन वॉरंट घेणे सहज शक्य आहे. न्यायाधीशाला पटेल असे कारण ज्या प्रकरणात नाही, त्या प्रकरणात काउंटीच्या जेलरनेही कोणाला कोंडू नये.

म्हणून मागणी अशी आहे : न्यू जर्सीतल्या चार शहरांवरचे आणि तशाच स्वरूपाचे इतर दावे खात्याने मागे घ्यावेत. यादीतल्या प्रत्येक नावापुढे नेमके कोणते कलम मोडले ते लिहून ती पुन्हा प्रसिद्ध करावी. आणि डिटेनर पाळणे हे काउंट्यांचे कर्तव्य आहे असे खात्याला खरोखर वाटत असेल, तर होमलँड सिक्युरिटी खात्याकडून नियम २८७.७ चे कलम ‘ई’ बदलून घ्यावे आणि यापुढे पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक आय-२४७ए फॉर्मवर, चुकीच्या कैदेची भरपाई फेडरल सरकार देईल, अशी लेखी हमी घालावी.